रडीचा डाव नको! आमच्या शनिवारच्या गोल्फचे नियम

शनिवारी पहाटे साडेपाचला सिंगापुरात मिट्ट काळोख असतो. इथे सूर्य वर्षभर सातच्या आसपास उगवतो. बॅगेतल्या काठ्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून मी त्यांच्यात जुना टॉवेल कोंबतो, बूट हातात घेतो आणि चोरासारखं दार ओढायला लागतो. तेवढ्यात आतून आवाज येतो, "पोह्यांचा डबा घेतलास का?"

डबा घेतलेला असतो. मागच्या शनिवारी माझा शेवटचा नंबर आला होता आणि आमच्या नियमाप्रमाणे शेवटच्या नंबरवाल्याने पुढच्या वेळी सगळ्यांसाठी नाश्ता आणायचा असतो. तोही स्वतः केलेला. बायकोने फोडणी घातली तरी पकडतात, कारण चव ओळखू येते.

गेली अकरा वर्षं आम्ही बारा-चौदा मराठी माणसं शनिवारी गोल्फ खेळतो. आमच्यात दोन वहिनीही आहेत आणि त्या आमच्यापैकी निम्म्यांना सहज हरवतात. आमच्या क्लबला कार्यालय नाही, कार्यकारिणी नाही, पावतीपुस्तक नाही. आहे तो एक तांब्याचा तांब्या, सेरंगून रोडवरच्या दुकानातून आणलेला, आणि दोन पानी नियमावली. जो शनिवारी जिंकेल त्याने तांब्या घरी न्यायचा आणि पुढच्या शनिवारी चिंचेने लख्ख घासून परत आणायचा. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी जो जिंकेल त्याचं नाव तांब्यावर कोरायचं.

हा लेख त्या दोन पानांबद्दल आहे. घरच्या मंडळींना कायम प्रश्न पडतो की मित्रामित्रांच्या खेळाला इतके नियम कशाला? खेळा आणि घरी या. आम्हीही पहिली दोन वर्षं तसंच खेळलो आणि त्यात आमचा क्लब जवळजवळ मोडला.

भांडण

तेव्हा आमच्यात एक नागपूरकर नव्याने आले. नागपूरचे म्हणून सगळे त्यांना भाऊ म्हणू लागले. "तुमचा हँडिकॅप किती?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "असेल चोवीस-पंचवीस." आम्ही चोवीस लिहून घेतला. तेव्हा सगळ्यांचाच हँडिकॅप असा तोंडी असायचा.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. हँडिकॅप म्हणजे आपल्या लहानपणच्या लिंबूटिंबूचं गणित. गल्लीत मोठ्या मुलांबरोबर धाकटा भाऊ खेळायला आला की त्याला लिंबूटिंबू करायचे. तो आउट झाला तरी आउट नाही. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला अशीच सवलत असते, फक्त ती मोजून देतात. चोवीस हँडिकॅप म्हणजे अठरा होलमध्ये मिळून चोवीस फटके माफ. त्यामुळे तीस वर्षं खेळणारा आणि तीन वर्षं खेळणारा एकाच स्पर्धेत बरोबरीने उतरू शकतात. क्रिकेटमध्ये किंवा बॅडमिंटनमध्ये हे होत नाही.

भाऊ लागोपाठ तीन शनिवार जिंकले. गुण होते एक्केचाळीस, बेचाळीस आणि त्रेचाळीस. हँडिकॅपप्रमाणे नीट खेळणाऱ्याचे छत्तीसच्या आसपास गुण होतात, त्यामुळे तिसऱ्या शनिवारी कोपीच्या टेबलावर कुजबुज झाली. आमचे नाना व्यवसायाने सीए. त्यांनी आकडे मांडले आणि सरळ विचारलं, "भाऊ, चोवीस हा तुमचा हँडिकॅप आहे की बुटाचा नंबर?"

भाऊंनी तांब्या टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले.

पुढे तीन महिने ते आले नाहीत. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला दोघं हॉलच्या दोन टोकांना उभे होते. दोघांच्या बायकांची चांगली मैत्री, मुलं एकाच वर्गात, पण सगळ्यांचंच येणं-जाणं थांबलं. परदेशात माणसं मुळात मोजकी असतात. पुण्या-मुंबईत एका घराशी बिनसलं तर आणखी चाळीस घरं असतात. इथे एक घर दुरावलं की दिवाळीच्या फराळाचं एक ताट कमी होतं.

खरी गोष्ट नंतर कळली. भाऊ खोटं बोलले नव्हते. आले तेव्हा ते चोवीसचेच खेळाडू होते. मग ते आठवड्यातून दोन संध्याकाळी ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन शिकवणी घेऊ लागले आणि झपाट्याने सुधारले. त्यांचा हँडिकॅप मात्र आमच्या वहीत चोवीसच राहिला, कारण तो बदलायची पद्धतच आमच्याकडे नव्हती. नियम नव्हता म्हणून एक सरळ माणूस लबाड ठरला.

ही चूक ओळखली कॅप्टनसाहेबांनी. ते मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले, आमच्यात वयाने सर्वांत मोठे. त्यांनी नानांना आणि भाऊंना एकाच दिवशी घरी जेवायला बोलावलं, दोघांनाही दुसरा येणार आहे हे न सांगता. जेवणं झाल्यावर समोर दोन पानं ठेवली आणि म्हणाले, "जहाजावर माणसं सहा-सहा महिने एकत्र राहतात ती प्रेमामुळे नव्हे. पहारा कुणाचा किती वाजता हे भिंतीवर लिहिलेलं असतं म्हणून राहतात. वाचा आणि सह्या करा."

बक्षीस आलं की नियम लागतो

नंतर मी थोडं वाचलं, तेव्हा कळलं की गोल्फचे नियम जन्माला आले तेही असेच. स्कॉटलंडमध्ये लोक गोल्फ शतकानुशतकं खेळत होते, पण सर्वांत जुने लेखी नियम सापडतात ते १७४४ सालचे. त्या वर्षी एडिंबरा शहराने लीथच्या मैदानावरच्या स्पर्धेसाठी चांदीची काठी बक्षीस ठेवली आणि तिथल्या खेळाडूंनी तेरा नियम लिहून काढले. बक्षीस आल्यावर कुणी कसं जिंकायचं हे ठरवणं भाग पडलं. आमच्याकडे चांदीच्या काठीऐवजी तांब्या होता, एवढाच फरक.

सिंगापुरात हा खेळ १८९१ मध्ये आला. तेव्हाचा सिंगापूर गोल्फ क्लब घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर खेळायचा. ते मैदान म्हणजे आजचा फॅरर पार्कचा परिसर. आपण रेस कोर्स रोडवर केळीच्या पानावर जेवायला जातो, त्या रस्त्याचं नाव त्यावरूनच पडलं. तो क्लब गोऱ्यांचा होता. सर्व वंशांच्या लोकांना खेळता यावं म्हणून आयलंड क्लब निघाला आणि त्याचा कोर्स १९३२ मध्ये सुरू झाला. १९६३ मध्ये हे दोन क्लब एकत्र येऊन आजचा सिंगापूर आयलंड कंट्री क्लब झाला. मुंबईकरांना ही कथा ओळखीची वाटेल. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता, त्या काळात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी दोघांसाठी विलिंग्डन क्लब काढला. आमचे नाना चेंबूरचे. १९२७ सालच्या प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या कुंपणाबाहेर आलेले चेंडू गोळा करून विकणं हा त्यांचा लहानपणचा पहिला धंदा. आत जाऊन खेळता येईल असं तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

आता आमचे नियम सांगतो. गोल्फचे जागतिक नियम आम्ही मानतोच. २०१९ मध्ये ते सोपे करून चोतीसचे चोवीस केले. त्यांतले रोज लागणारे आणि आमच्यापुरते ठरवलेले असे हे दहा.

आमचे दहा नियम

१. हँडिकॅप कार्ड सांगेल तो. तोंडी हँडिकॅप बंद. प्रत्येकाने अधिकृत हँडिकॅप काढायचा आणि प्रत्येक फेरीचं कार्ड नोंदवायचं, चांगलं खेळलात तरी आणि वाईट खेळलात तरी. २०२० पासून जगभर लागू होत गेलेल्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ धरून खेळाडूचा निर्देशांक ठरतो. मग ज्या कोर्सवर खेळायचं त्याच्या अवघडपणाप्रमाणे तो कमी-जास्त होतो. समजा निर्देशांक २२.४ आहे, कोर्सचा स्लोप १२५, रेटिंग ७१.२ आणि पार ७२. तर २२.४ ला १२५ ने गुणून ११३ ने भागायचं आणि रेटिंगमधून पार वजा करून जे येईल ते त्यात मिळवायचं. उत्तर येतं चोवीस. त्याचे ९५ टक्के म्हणजे तेवीस. तेवढे फटके त्या दिवशी माफ. आता हे फोनच करतो, पण नाना अजून कागदावर ताळा करतात. या नियमामुळे सुधारणाऱ्याचा हँडिकॅप आपोआप उतरतो. कुणाला कुणाची उलटतपासणी घ्यावी लागत नाही.

२. खेळ स्टेबलफोर्ड पद्धतीचा. सरळ फटके मोजले तर एखाद्या होलवर तळ्यात चार चेंडू घालवणाऱ्याची सकाळ तिथेच संपते. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्रज सर्जनने यावर गुणांची पद्धत काढली आणि १९३२ मध्ये वॉलसी क्लबवर तिची स्पर्धा झाली. आपली सवलत वजा करून पारइतके फटके लागले तर दोन गुण, एक कमी लागला तर तीन, दोन कमी तर चार. एक जास्त लागला तर एक गुण, त्याहून जास्त तर शून्य. शून्य नक्की झालं की चेंडू उचलायचा, खिशात टाकायचा आणि पुढच्या होलला नवा संसार मांडायचा. एका विषयात नापास झालं म्हणून वर्ष वाया जात नाही, तसंच.

३. गिमी नाही. चेंडू भोकापासून वीतभर अंतरावर असला की "राहू दे, आलाच आहे" म्हणून सोडून देतात, ती गिमी. मैत्रीच्या खेळात चालते, आमच्या शनिवारी चालत नाही. वीतभर कुणाची? हात तर सगळ्यांचे वेगवेगळे. चेंडू भोकात पडल्याचा आवाज आला पाहिजे.

४. चेंडू असेल तिथून खेळायचा. गवतात, मुळाशी, जुन्या खड्ड्यात, कुठेही असो. सवलत एकच. पावसाळी महिन्यांत, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, फेअरवेवरचा चेंडू चिखलात रुतला असेल तर उचलून पुसायचा आणि स्कोअरकार्डाच्या लांबीइतक्या अंतरात ठेवायचा, होलच्या जवळ न नेता. उभं कार्ड की आडवं यावर एकदा वाद झाला. आता नियमात "उभं" हा शब्द आहे.

५. हरवलेला चेंडू तीन मिनिटं शोधायचा. पूर्वी पाच मिनिटं असत, २०१९ पासून तीन झाली. वेळ जोडीदाराने धरायची. शोधणाऱ्याच्या घड्याळात तीन मिनिटं फार सावकाश होतात.

६. माकडाने चेंडू पळवला तर दंड नाही. नातेवाइकांना हे खोटं वाटतं, पण इथल्या जंगलालगतच्या कोर्सवर माकडं असतात आणि तळ्याकाठी पुरुषभर लांबीच्या घोरपडी निवांत फिरतात. थांबलेला चेंडू प्राण्याने हलवला किंवा नेला तर दंडाशिवाय मूळ जागी दुसरा ठेवायचा. मात्र प्राण्याने नेल्याची जवळजवळ खात्री हवी. चेंडू सापडला नाही की दर वेळी माकडावर ढकलता येत नाही. आणि घोरपड दिसली की "दोर आणा, गड चढायचा आहे" हा विनोद वर्षातून एकदाच करण्याची परवानगी आहे. ही अट वहिनींनी घालून घेतली.

७. भोंगा वाजला की तिथल्या तिथे थांबायचं. हा नियम आम्ही लाल शाईने लिहिला आहे. जगात सर्वांत जास्त विजा जिथे होतात अशा प्रदेशांत सिंगापूर येतं. वर्षातले दीडशेहून जास्त दिवस इथे गडगडाट होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे ऐन दिवाळीचे दिवस त्यात पुढे असतात. मोकळं मैदान, हातात लोखंडी काठी आणि आसपास उंच झाडं, यापेक्षा वाईट जागा नाही. एक लांब भोंगा वाजला की फटका अर्ध्यावर असला तरी काठी खाली ठेवायची आणि आसऱ्याला जायचं. "एवढा एक पट करतो" हे नाही. पुढे खेळणारा बाद. इतर नियम खेळ सांभाळतात, हा माणूस सांभाळतो.

८. जो तयार असेल त्याने मारायचं. इथे चौघांच्या गटाला फ्लाइट म्हणतात. आपली फ्लाइट रेंगाळली की मागच्या सगळ्या उन्हात उभ्या राहतात. नवाच्या पुढे इथलं ऊन काय असतं ते नव्याने सांगायला नको. सराव म्हणून हवेत फटका मारायचा तो एकदाच.

९. कार्डावर दोन सह्या. आपले फटके आपण लिहायचे नसतात, ते मार्कर म्हणजे फ्लाइटमधला दुसरा कुणीतरी लिहितो. शेवटी दोघांनी आकडे ताडून सह्या करायच्या आणि कार्ड द्यायचं. एकदा दिलं की बदल नाही. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा जास्त फटके लिहिले गेले असतील तर ते तसेच धरायचे. कमी लिहिल्यामुळे गुण वाढले असतील तर खेळाडू बाद.

१०. बरोबरी झाली तर काउंटबॅक. शेवटच्या नऊ होलमध्ये ज्याचे गुण जास्त तो जिंकला. तिथेही बरोबरी असेल तर शेवटचे सहा, मग तीन, मग शेवटचा एक.

पैज नाही. प्रत्येकी पाच डॉलर वर्गणी, त्यातून नाव कोरायचा खर्च निघतो. नाश्त्याचं वर सांगितलंच आहे.

पंच कुठे असतो?

गोल्फ पहिल्यांदा पाहणारा नेहमी विचारतो की पंच कुठे आहे? आमच्या खेळात पंच नसतो. जो खेळतो त्यानेच स्वतःचा दंड स्वतःला लावायचा, असं नियमांतच लिहिलेलं आहे. तुम्ही झाडीत असता, जोडीदार पन्नास पावलांवर स्वतःचा चेंडू शोधत असतो. तुमचा चेंडू पायाने हलला की नाही हे तुम्हाला आणि वरच्यालाच माहीत.

१९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू फटका मारण्याआधी किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःहून एक फटका दंड घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि नंतरच्या निर्णायक खेळात तो हरला. तो एक फटका नसता तर बरोबरीच झाली नसती. गोल्फच्या जगात ही गोष्ट शंभर वर्षं सांगितली जाते आणि आम्हीही ती टेबलावर अनेकदा ऐकवली होती. दुसऱ्याची गोष्ट म्हणून ती ऐकवायला फार सोपी असते.

काही वर्षांपूर्वीची दिवाळीची फेरी होती. कॅप्टनसाहेबांचं नाव तांब्यावर तोवर एकदाही कोरलं गेलं नव्हतं आणि त्या दिवशी त्यांना सगळंच जमत होतं. सोळाव्या होलला त्यांचा चेंडू लालांगच्या उंच गवतात गेला. त्यांचे मार्कर नाना. ते रस्त्याच्या पलीकडे स्वतःचा चेंडू शोधत होते. कॅप्टनसाहेबांनी काठी फिरवली, ती चेंडूखालून नुसती गवत कापून गेली. दुसऱ्या वेळी चेंडू बाहेर आला. सतराव्या होलनंतर भोंगा वाजला. सगळे आसऱ्याला पळाले, चाळीस मिनिटं तिथे दाटीवाटीने उभे राहिले. पाऊस ओसरल्यावर अठरावा होल कसाबसा उरकला. भिजलेल्या कार्डावर आकडे भरताना नानांनी विचारलं, "सोळाव्याला पाच ना, कॅप्टनसाहेब?" ते म्हणाले, "हो, पाच." सह्या झाल्या, कार्डं जमा झाली.

गुण लागले. कॅप्टनसाहेब एकोणचाळीस, दुसरे भाऊ अडतीस. टाळ्या वाजल्या. कुणीतरी फोटोसाठी तांब्या त्यांच्या हातात दिला. कॅप्टनसाहेब मात्र कोपीच्या कपात चमचा फिरवत गप्प बसले होते. मग म्हणाले, "नाना, सोळाव्याला सहा होते. गवतातला एक फटका हुकला होता. हुकला तरी तो फटकाच. मी विसरलो."

टेबल शांत झालं. नानांनी लगेच हिशेब केला. सहा धरले तर त्या होलचे दोनऐवजी एक गुण, म्हणजे एकूण अडतीस. भाऊंशी बरोबरी. काउंटबॅकला शेवटच्या नऊमध्ये कॅप्टनसाहेब एकोणीस आणि भाऊ अठरा. "म्हणजे तरीही तुम्हीच जिंकता!" नाना जवळजवळ ओरडले. सगळे सुटल्यासारखे हसले.

कॅप्टनसाहेब हसले नाहीत. "कार्ड दिलेलं आहे. नववा नियम वाचा."

भाऊ म्हणाले, "अहो साहेब, कोणाच्या लक्षात तरी आलं असतं का? आणि आकडा दुरुस्त केला तरी तुम्हीच पहिले. मी नाही घेणार तांब्या."

"भाऊ," कॅप्टनसाहेब म्हणाले, "तुझ्यावर आळ आला तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला एकही नियम नव्हता. म्हणून ही पानं लिहिली. आज मला गैरसोयीचं झालं म्हणून ती फाडली, तर उद्या पुन्हा कुणाला तरी बुटाचा नंबर विचारतील. घे तो."

भाऊंनी तांब्या घेतला. त्या वर्षीचं नाव त्यांचंच कोरलेलं आहे. शेजारी बसून नाना चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.

घरी आल्यावर मी बायकोला हे सांगितलं. तिला स्टेबलफोर्ड कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या खेळात जिंकणाऱ्यालाच सांगावं लागतं की मी चुकलो? हे घरीही लागू कर की."

मैदानं जातात

आमची सुरुवातीची बरीच वर्षं मरीना बेच्या सार्वजनिक कोर्सवर गेली. अठरा होल, रात्रीही दिव्यांच्या उजेडात खेळता येई, समोर शहराच्या उंच इमारती. तिथला चौथा होल सिंगापुरातला एकमेव सहा पारचा होता. त्याला आम्ही 'पुणे-सातारा' म्हणायचो. २०२४ च्या जूनअखेर तो कोर्स बंद झाला. शेवटच्या फेरीनंतर भाऊंनी चौथ्या होलवरचा एक तुटका टी उचलून खिशात ठेवला. तो अजून त्यांच्या बॅगेत आहे.

हे एकट्या मरीना बेचं नाही. जुरोंग कंट्री क्लब आणि रॅफल्स कंट्री क्लब यांच्या जागा क्वालालंपूरच्या वेगवान रेल्वेसाठी आणि इतर वाहतुकीच्या कामांसाठी घेतल्या गेल्या. पुढे ती रेल्वेच रद्द झाली. १९०४ सालच्या केपेल क्लबला जुनी जागा सोडून सिम रोडला जावं लागलं, तिथे आता घरं व्हायची आहेत. २०१४ मध्ये सरकारने हिशेब मांडला तेव्हा देशाची सुमारे दोन टक्के जमीन गोल्फखाली होती. एवढ्याशा बेटावर घर आधी की हिरवळ आधी, या प्रश्नाचं उत्तर काय येणार हे फ्लॅटची वाट पाहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. आम्ही कुरकुर करतो, पण तोंडातल्या तोंडात.

आता आम्ही कधी कुणा सभासदाच्या क्लबवर पाहुणे म्हणून खेळतो, कधी कॉजवे ओलांडून जोहोरला जातो, कधी फेरीने बातामला. खिशाला चटका बसतो आणि पासपोर्ट विसरणाऱ्याला परत जावं लागतं. म्हणून नियमावलीत आता "पासपोर्ट" हा अकरावा मुद्दा आला आहे. पण तांब्या बरोबर असतो आणि दोन पानं बरोबर असतात, त्यामुळे कुठेही गेलं तरी शनिवार तोच असतो.

कॅप्टनसाहेब गेल्या वर्षी कायमचे पुण्याला परतले. निघायच्या आदल्या शनिवारी त्यांनी नियमावलीची मूळ प्रत भाऊंच्या हातात दिली. तेव्हापासून सगळ्यांच्या हँडिकॅपची वही भाऊच ठेवतात. नाना ती दर महिन्याला तपासतात आणि सही करतात. दोघं आता एकाच गाडीने येतात.

हा अंक कोथरूडला कॅप्टनसाहेबांच्या घरी पोचेल तेव्हा आमची या वर्षीची दिवाळीची फेरी होऊन गेलेली असेल. साहेब, निकाल फोनवर कळवूच. माझं नाव तांब्यावर यायची फारशी शक्यता नाही. पण मागच्या शनिवारी बाराव्या होलला माझा चेंडू पायाने हलला. कुणी पाहिलं नव्हतं. एक फटका दंड लिहायला लावला, त्याने एक गुण गेला आणि शेवटचा नंबर आला. पोहे मीच केले. मीठ जरा जास्त पडलं होतं, पण सगळ्यांनी खाल्ले.